ब्रेकची घरघर : जुन्या मोटारीचे दोषनिदान आणि मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द

१

मोटारीचा ब्रेक दाबला असता घासल्यासारखा आवाज येऊ लागला, म्हणजे गाडीचा मालक ती गॅरेजमध्ये नेतो आणि मिस्त्रीला सांगतो, ‘ब्रेकला आवाज येतो.’ हे विधान खोटे नसते. परंतु निदानाच्या दृष्टीने त्याचे मूल्य फारच अल्प असते. ब्रेकच्या परिसरातून येणाऱ्या आवाजांची कारणे निदान सात-आठ तरी आहेत. त्यांपैकी काही इतकी क्षुल्लक आहेत की, गाडी अर्धा मैल चालली म्हणजे आवाज आपोआप थांबतो. काही इतकी गंभीर आहेत की, तशी गाडी घाटात उतरविणे म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या जिवाशी खेळणे होय. ‘आवाज’ या एका नामाखाली हे सर्व भेद पुसले जातात.

वास्तविक मराठी भाषेपाशी हे भेद व्यक्त करण्याचे साधन विपुल आहे. किरकिर, करकर, खरखर, घरघर, खडखड, खटखट यांसारखे शब्द आपण रोज वापरतो. मात्र शिक्षित मनुष्य गॅरेजमध्ये गेला की, हे शब्द त्याला पोरकट वाटू लागतात आणि तो ‘नॉइज’ किंवा ‘आवाज’ असा सभ्य पण पोकळ शब्द पसंत करतो. या शब्दांतील ध्वनिभेद निदानाला कितपत साह्य करू शकतात, आणि कोठे त्यांची मर्यादा संपते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पाणिनीने अशा शब्दांसाठी ‘अव्यक्तानुकरण’ ही संज्ञा वापरली आहे. ज्या ध्वनीत वर्ण स्पष्ट नाहीत, त्याचे वर्णमय भाषेत केलेले अनुकरण, असा तिचा आशय आहे. ब्रेकचा आवाज हा अशा अव्यक्त ध्वनीचा उत्तम नमुना होय.

२

प्रथम यंत्राची रचना थोडक्यात पाहू. मोटारीचा ब्रेक घर्षणावर चालतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात. ड्रम ब्रेकमध्ये फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या भिंतीवर दोन अर्धवर्तुळाकार शू फाकतात. पॅड काय किंवा शू काय, दोहोंत पोलादी पाठ असते व तिच्यावर झिजण्यासाठीच बनविलेला घर्षक पदार्थ बसविलेला असतो. शूवरील या थराला आपल्याकडे लायनर म्हणतात. तो रिबिटांनी ठोकलेला किंवा चिकटविलेला असतो. लायनर झिजावा आणि ड्रम टिकावा, पॅड झिजावा आणि डिस्क टिकावी, अशी ही योजना आहे. घर्षक पदार्थ संपला आणि त्यामागचे पोलाद डिस्कला किंवा ड्रमला लागले, म्हणजे ही योजना कोलमडते.

जुन्या गाडीचा प्रश्न येथे थोडा वेगळा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी घ्या, किंवा जुनी ॲम्बॅसडर घ्या. त्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून बाद झाली. तथापि हौसेने जपलेल्या अशा गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. डिस्क ब्रेकचा पॅड किती उरला आहे, हे पुष्कळदा चाकाच्या फटीतून विजेरीच्या प्रकाशात दिसू शकते. ड्रम मात्र बंद डब्यासारखा असतो. तो उतरविल्याखेरीज आतील अवस्था नीट दिसत नाही. म्हणून जेथे डोळा पोचत नाही, तेथे कानाला अधिक जबाबदारी घ्यावी लागते. डॉक्टर छातीला नळी लावतो त्यामागील कारणही हेच आहे.

३

आता शब्दांकडे वळू. भाषिक चिन्ह यादृच्छिक असते, या आपल्या सिद्धान्ताच्या संदर्भात सोस्यूरने ध्वन्यनुकारी शब्दांना भाषेच्या व्यवस्थेत गौण स्थान दिले. त्याची व्याख्याने १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. युरोपीय भाषांपुरते हे मत ग्राह्य मानले, तरी भारतीय भाषांच्या बाबतीत ते जसेच्या तसे लागू पडत नाही. एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, अभ्यस्त रूपाचे ध्वन्यनुकारी शब्द हे भारतीय भाषाक्षेत्राचे एक समान लक्षण आहे. ते आर्य व द्राविड अशा दोन्ही कुलांत आढळतात. मराठीत हे शब्द सुटे सुटे नाहीत. त्यांच्यात नियमित विरोध आहेत, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

पहिला विरोध स्वराचा. किरकिर, करकर, कुरकुर ही त्रयी पाहावी. व्यंजने तीच राहून केवळ स्वर बदलला की आवाजाची पट्टी बदलते. ‘इ’ असलेले शब्द बारीक व तीक्ष्ण आवाजासाठी, ‘अ’ असलेले मध्यम व भरड आवाजासाठी आणि ‘उ’ असलेले दबलेल्या आवाजासाठी येतात. टिकटिक आणि टकटक या जोडीतही हाच भेद आहे. याला ध्वनिशास्त्रीय आधार आहे. प्रौढ पुरुषाच्या उच्चारात ‘ई’ या स्वराचा दुसरा स्वनपट्ट २००० हर्ट्झच्या वर असतो, तर ‘ऊ’ या स्वराचा १००० हर्ट्झच्या खाली असतो. ब्रेक किंचाळतो तेव्हा पॅड व डिस्क मिळून सुमारे १ ते १६ किलोहर्ट्झ या टापूत कंप पावत असतात. तेव्हा अशा आवाजासाठी ‘चीं’ किंवा ‘किरकिर’ म्हणणारा मनुष्य वरच्या पट्टीचा स्वर अचूक निवडतो. सपीरने १९२९ मध्ये ‘मिल’ व ‘माल’ अशा निरर्थक शब्दांवर जे प्रयोग केले, त्यांतही बहुतेकांनी ‘इ’ लहान वस्तूशी व ‘आ’ मोठ्या वस्तूशी जोडला होता.

दुसरा विरोध आद्य व्यंजनाचा. करकर, खरखर, घरघर यांत स्वर एकच, दुसरे व्यंजनही एकच. बदलतो तो केवळ ‘क’, ‘ख’, ‘घ’ हा आरंभ. करकर म्हणजे दाताखाली खडा यावा तसा कोरडा, टणक आवाज. खरखर म्हणजे खडबडीत पृष्ठभागावरून काही ओढले जावे तसा श्वासयुक्त, पसरट आवाज. बसलेल्या घशालाही आपण हाच शब्द लावतो. घरघर म्हणजे जात्याचा आवाज : घोष, खोल आणि अखंड. या ओळीतील ‘गरगर’ मात्र आवाज दर्शवीत नाही, फिरण्याची गती दर्शवितो.

तिसरा विरोध दुसऱ्या व्यंजनाचा. खरखर, खडखड, खटखट, खळखळ, खणखण ही मालिका ताडून पाहिली की, ‘र’ने सलग घर्षण, ‘ड’ने सैल वस्तूंचे एकमेकींवर आपटणे, ‘ट’ने सुटे सुटे ठोके, ‘ळ’ने द्रवाचा प्रवाह आणि ‘ण’ने धातूचा निनाद सूचित होतो, हे ध्यानात येते. गॅरेजच्या दृष्टीने या मालिकेतील पहिला भेद सर्वांत मोलाचा आहे. काही तरी घासत आहे की काही तरी सैल आहे, हा निदानातील पहिला दुभागणारा प्रश्न होय. आणि तो प्रश्न मराठी भाषा ‘र’ आणि ‘ड’ यांच्या भेदाने आधीच विचारून ठेवते.

चौथा भेद रूपाचा आहे. खटकन म्हणजे एकदाच. खटखट म्हणजे पुनःपुन्हा. खटाखट म्हणजे झपाट्याने एकामागून एक. गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे नेताना ब्रेक दाबला आणि एकदाच ‘खटकन’ वाजले, तर पॅड आपल्या जागेत सैल बसला असल्याचा संशय घ्यावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, उदाहरणार्थ मारुती ८०० मध्ये, स्टिअरिंग पुरते वळवून जाताना ‘खटखट’ येत असेल, तर तो दोष बहुधा ब्रेकचा नसून आसाच्या सांध्याचा असतो. एका प्रत्ययाच्या फरकाने मिस्त्रीचे लक्ष ब्रेककडून आसाकडे वळते.

४

येथवर शब्दांची बाजू मांडली. आता त्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. हे शब्द गॅरेजमध्ये पारिभाषिक नाहीत. एकच दोष एकाच्या कानाला खरखर, तर दुसऱ्याच्या कानाला घरघर वाटू शकतो. शिवाय पूर्णपणे भिन्न कारणांतून एकसारखाच आवाज निघू शकतो. तेव्हा शब्दाने फक्त संशयाची दिशा मिळते. निर्णयासाठी दुसरी पद्धती लागते, आणि ती भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला चांगली परिचित आहे. एखादा स्वन कोणत्या स्वनिमाचा आहे, हे आपण त्याच्या केवळ श्रवणावरून ठरवीत नाही. तो कोणत्या परिसरात येतो व कोणत्या परिसरात येत नाही, हे पाहतो. ब्रेकच्या आवाजाचेही वितरण पाहावे लागते. त्यासाठी पुढील प्रश्न पुरेसे आहेत.

(१) ब्रेक दाबल्यावरच आवाज येतो काय? प्रत्येक वेळी, ब्रेक दाबताक्षणी भरड घरघर येत असेल आणि सोडताच थांबत असेल, तर घर्षक पदार्थ संपून पोलाद डिस्कला लागले आहे, किंवा रिबिटांची डोकी ड्रमला चरे पाडीत आहेत, असेच प्रथम मानावे. हा सर्वांत गंभीर संशय आहे आणि तो प्रत्यक्ष तपासणीने दूर होईपर्यंत कायम ठेवावा.

(२) सकाळी पहिल्या काही वेळाच आवाज येतो काय? बीड उघडे असले की, पावसाळी हवेत एका रात्रीत त्यावर गंजाचा पातळ थर धरतो. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी खरखर यावी, हे स्वाभाविक आहे. दोन-चार वेळा ब्रेक लावल्यावर गंज खरवडला जातो आणि आवाज थांबतो. आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली जुनी गाडी मात्र या सवलतीस पात्र नाही. तेथे गंज खोलवर गेलेला असू शकतो.

(३) ब्रेक न दाबताही आवाज येतो काय? येत असेल आणि तो टणक, करकरीत असेल, तर डिस्क व तिच्यामागील संरक्षक पत्रा यांच्यामध्ये खडा अडकला असेल, किंवा तो पत्राच वाकून डिस्कला लागत असेल. चाक काढून खडा पाडला की काम भागते. परंतु ब्रेक न दाबता येणारी खरखर आणि त्याबरोबर एकच चाक तापणे अशी दोन लक्षणे एकत्र दिसली, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्या आहेत, अथवा ड्रममधील शू मागे ओढणारी स्प्रिंग तुटली आहे, असा तर्क करावा. हॅन्डब्रेक अर्धवट ओढलेला राहिला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

(४) वळणावर आवाज बदलतो काय? सलग घुमणारी घरघर वेगाबरोबर वाढत असेल, ब्रेक दाबल्याने फारशी बदलत नसेल, पण उजवीकडे वळताना वाढून डावीकडे वळताना कमी होत असेल, तर डाव्या चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. कारण उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो. ब्रेकची म्हणून सांगितली जाणारी घरघर पुष्कळदा ही असते.

(५) आवाजाला ठेका आहे काय? चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर धरला, तर ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला तीन फेरे घेते. या वेगाला ब्रेक दाबताच सेकंदाला तीन वेळा ‘खर् – खर् – खर्’ असे ऐकू आले, तर फेऱ्यागणिक एकच जागा घासत आहे, म्हणजे डिस्क वाकडी किंवा ड्रम लंबवर्तुळाकार झाला आहे. वेग निम्मा केल्यावर ठेकाही निम्मा झाला, तर शंका उरत नाही. बेअरिंगमध्ये एका फेऱ्यात अनेक गोळ्या बिघडलेल्या जागेवरून जातात. म्हणून तेथे ठोके वेगळे ऐकू न येता त्यांचा सलग सूर होतो. सेकंदाला वीसच्या आसपास ठोके झाले की, कान ते सुटे मोजण्याचे सोडू लागतो. जिभेच्या टोकाने केलेला लांब ‘र्र’ सेकंदाला सुमारे २५ ते ३० कंपांचा असतो आणि म्हणूनच तो ठोक्यांची माळ व सलग ध्वनी यांच्या सीमेवर वाटतो.

(६) आवाज पुढचा की मागचा? बहुतेक गाड्यांत हॅन्डब्रेक केवळ मागच्या चाकांवर चालतो. मोकळ्या, सपाट जागी, अगदी मंद वेगात, कळ दाबून धरून हॅन्डब्रेक हळूहळू ओढावा. त्याने तोच आवाज आला, तर दोष मागे आहे. न आल्यास पुढच्या चाकांकडे पाहावे.

एकच ‘खरखर’ पावसाळी सकाळीच आली तर ती गंजाची, आणि कोरड्या दुपारीही प्रत्येक ब्रेकला आली तर ती संपलेल्या पॅडची. शब्द एकच, पण परिसर भिन्न आणि म्हणून अर्थही भिन्न.

५

वितरणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कालक्रम. भाषेत ध्वनिपरिवर्तनाचा क्रम लावल्याखेरीज शब्दाचा इतिहास समजत नाही. ब्रेकच्या बाबतीतही आवाजांचा क्रम विचारल्याखेरीज निदान पूर्ण होत नाही. पुष्कळशा पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजून ठराविक मर्यादेला आला की, ही पट्टी डिस्कला लागते आणि बारीक किरकिर सुरू होते. ही किरकिर म्हणजे दोष नसून सूचना आहे. ती दुर्लक्षिली गेली, तर पॅड आणखी झिजतो, पट्टी तुटते किंवा घासून जाते, आणि एके दिवशी किरकिर थांबते. मालकाला वाटते, गाडी आपोआप बरी झाली. काही दिवसांनी घरघर सुरू होते.

म्हणून ‘आधी बारीक वाजत होते, मग थांबले, आता भरड वाजते’ हे विधान कोणत्याही एका शब्दापेक्षा अधिक मोलाचे आहे. ‘इ’कडून ‘अ’कडे झालेले हे परिवर्तन झिजेचा संपूर्ण इतिहास सांगते. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये अशी सूचना देणारी पट्टी सहसा नसते. तेथे पेडल पूर्वीपेक्षा खाली जाणे, टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी उतरणे, गाडी एका बाजूस ओढणे अशी मूक लक्षणेच आधी येतात. आवाज शेवटी येतो. मराठीत ‘घरघर लागणे’ हा वाक्प्रचार अखेरच्या अवस्थेसाठी वापरला जातो. ड्रमच्या बाबतीत तो दुर्दैवाने अन्वर्थक आहे.

बिडावर पोलाद घासू लागले असता गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. थांबण्याचे अंतर वाढते, डिस्कला खोल चरे पडतात, आणि पिस्टन आपल्या नेहमीच्या मर्यादेबाहेर सरकल्याने ऑइल गळण्याचा धोका उत्पन्न होतो. अशा अवस्थेत गाडी चालवीत गॅरेजपर्यंत नेण्यापेक्षा मिस्त्रीला गाडीपाशी बोलवावे किंवा गाडी ओढून न्यावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

६

कानाने केलेले निदान डोळ्याने पडताळून पाहिलेच पाहिजे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, इतर चाकांना अडण लावून, जॅकने उचलल्यावर ती स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात घालू नये. पॅडवरील घर्षक पदार्थ ३ मिलिमीटरच्या खाली गेला असेल, तर तो बदलावा. रिबिटांच्या लायनरची जाडी रिबिटाच्या डोक्यापासून मोजावी, पोलादी पाठीपासून नव्हे. डिस्कची किमान जाडी व ड्रमचा कमाल व्यास बहुधा त्या त्या भागावर कोरलेला असतो. ड्रम लेथवर साफ करून घेताना ही मर्यादा ओलांडू देऊ नये. पॅड किंवा शू एका आसावरील दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूस ओढू लागते.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरला जात असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ड्रम उतरविल्यावर आतील भुकटी फुंकून किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून उडविण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती सर्वस्वी त्याज्य होय. भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

७

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, ध्वन्यनुकारी शब्द हे निदानाचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. ‘ब्रेकला आवाज येतो’ याऐवजी मालकाने असे सांगावे : ‘पुढे डावीकडून घरघर येते, ब्रेक दाबल्यावरच येते, प्रत्येक वेळी येते, महिन्यापूर्वी बारीक किरकिर होती, ती मध्यंतरी थांबली होती.’ या वाक्यात एकही तांत्रिक संज्ञा नाही. तथापि ते ऐकून कुशल मिस्त्री कोणते चाक आधी उघडावयाचे व काय मिळण्याचा संभव आहे, हे सांगू शकेल.

संशोधनाच्या दृष्टीने येथे एक क्षेत्र जवळजवळ अस्पर्शित आहे. मोल्सवर्थच्या कोशात (प्रथमावृत्ती १८३१, द्वितीयावृत्ती १८५७) ध्वन्यनुकारी शब्दांचा मोठा साठा आहे. परंतु तो जाते, पाणी, पशुपक्षी आणि मानवी कंठ यांच्या आवाजांभोवती उभा आहे. यंत्राच्या आवाजांसाठी याच शब्दांचा अर्थविस्तार कसा झाला, हे पाहावयाचे असल्यास गॅरेजमध्ये जाऊन तीन गोष्टी एकत्र नोंदवाव्या लागतील : आवाजाचे ध्वनिमुद्रण, त्यासाठी मालकाने व मिस्त्रीने स्वतंत्रपणे वापरलेला शब्द, आणि चाक उघडल्यावर प्रत्यक्ष आढळलेला दोष. अशा शंभर-दोनशे नोंदी झाल्या, तर करकर, खरखर व घरघर यांतील भेद निरनिराळे भाषक किती एकवाक्यतेने करतात, हे केवळ अंतःप्रेरणेवर विसंबून न राहता सांगता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधिकेसाठी हा विषय घेण्याजोगा आहे. त्यासाठी लागणारी सामग्री कोणत्याही गावातील नाक्यावर उपलब्ध आहे.